‘इन्टू द वाइल्ड’: नदी, तांदूळ आणि रानबटाट्याच्या बिया

अमेरिकन लेखक जॉन क्राकाउर यांचं ‘इन्टू द वाइल्ड’ हे खऱ्या घटनेवरचं पुस्तक कॉलेजातली मुलं एकमेकांच्या हातात देतात ते ‘सगळं सोडून निघालेल्या मुलाची गोष्ट’ म्हणून. डोंगरात जाणाऱ्याने ते हिशेबाची वही म्हणून वाचावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं. तांदूळ किती नेला, नदी कोणत्या दिवसांत ओलांडली, मांस टिकवायला काय केलं, कोणती मुळं खाल्ली आणि कोणत्या बिया, हे सगळं या पुस्तकात तारखांसह मिळतं. लेखकाचा त्या मुलावर जीव आहे आणि तो लपत नाही. पण आकडे त्याने दडवलेले नाहीत. म्हणून त्याचं म्हणणं पटलं नाही तरी पुस्तक वाया जात नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. ख्रिस मॅककँडलेस, जन्म १९६८, वॉशिंग्टनजवळच्या खात्यापित्या घरातला मुलगा. मे १९९० मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवी घेतली, साठवलेले सुमारे २४,००० डॉलर ऑक्सफॅम या मदतसंस्थेला देऊन टाकले आणि घरी पत्ता न कळवता जुन्या पिवळ्या डॅटसन गाडीतून निघाला. ऍरिझोनाच्या वाळवंटात ओढ्याला पाणी आलं, गाडी बंद पडली, ती त्याने तिथेच सोडली. पुढची दोन वर्षं पायी, लिफ्ट मागत, मालगाडीतून, एकदा होडीने थेट मेक्सिकोपर्यंत. नाव बदललं, मिळेल ते काम केलं. २८ एप्रिल १९९२ ला अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेल नावाच्या वाटेच्या तोंडाशी एका स्थानिक माणसाने त्याला ट्रकमधून सोडलं. आत त्याला एक जुनी, टाकून दिलेली शहर बस मिळाली. तिच्यावर १४२ क्रमांक होता, आत झोपायची जागा होती, पिंपाची शेगडी होती. १९६१ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या मजुरांसाठी ती ओढून आणलेली होती. डायरीत ११३ दिवसांच्या नोंदी आहेत. ६ सप्टेंबरला शिकाऱ्यांना बसमध्ये मृतदेह मिळाला, तेव्हा वजन जेमतेम ३० किलो भरलं. वय २४.

शेवट सुरुवातीच्या पानांतच कळतो, त्यामुळे वर काही फोडलंय असं समजू नका. पुस्तकाची ताकद ‘काय झालं’ यात नाही, ‘कसकसं होत गेलं’ यात आहे.

जून तोंडावर असताना नाशिककराने शेवटची तीन प्रकरणं आधी वाचली तरी चालतील, कारण तिथे नदी आहे. टेकलानिका नदी त्याने एप्रिलच्या अखेरीला पार केली. तेव्हा वरची बर्फं गोठलेली होती, पात्रात पाणी कमी होतं, चालत पलीकडे जाता आलं. दोन महिने बसमध्ये राहून ३ जुलैला तो परत निघाला. ५ जुलैला नदीवर पोचला तर समोर थंडगार, राखाडी, काठोकाठ लोंढा. तो मागे फिरला.

पुराचं माप आपल्याला शिकवावं लागत नाही. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावर सगळं शहर बोलतं, आणि गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे मोबाइलवर आधीच आलेलं असतं. पण हे माप पावसाच्या नदीचं आहे. घाटमाथ्यावर तासभर धो धो कोसळलं की त्र्यंबककडचे ओढे बघता बघता चढतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीच्या धबधब्याला गेलेले पर्यटक असेच पलीकडे अडकले होते. मात्र पाऊस थांबला की हेच ओढे काही तासांत उतरतात, म्हणून आपल्याकडचा पहिला नियम ‘थांबा’ हा आहे. हिमनदीतून येणाऱ्या नदीचं गणित उलटं. तिथे पाणी चढतं ते उन्हाने. दिवसभर बर्फ वितळतं, ते पाणी दुपार टळल्यावर खाली पोचतं, संध्याकाळी पात्र सर्वांत फुगलेलं आणि पहाटे सर्वांत उतरलेलं. वर्षाच्या हिशेबात जुलै सर्वांत वाईट. स्वच्छ, कोरडं, उबदार हवामान, म्हणजे आपल्याला ओढा ओलांडायला हवं असतं नेमकं तेच, तिथे नदी वाढवतं. एप्रिलची नदी पाहून जुलैच्या नदीचा अंदाज बांधता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याने कोणाला विचारलं नव्हतं.

मागे फिरण्याचा त्याचा निर्णय आम्हाला चुकीचा वाटत नाही, आणि हे मुद्दाम लिहितो, कारण या पुस्तकावर बोलताना त्याला सरसकट मूर्ख ठरवणारे पुष्कळ भेटतात. छातीपर्यंतच्या गार लोंढ्यात एकट्याने न उतरणं हेच शहाणपण. चूक त्याच्या आधीची आणि नंतरची. क्राकाउर स्वतः वर्षभराने, जुलै १९९३ मध्ये, तीन सोबत्यांसह तिथे गेले आणि त्यांनी दोन गोष्टी पाहून लिहिल्या. मैलभर वरच्या अंगाला नदी रुंद होते, तिचे अनेक फाटे होतात आणि पाणी वाटलं जातं. नीट चाचपत गेलं तर तिथे उतार सापडण्याची शक्यता होती. आणि खालच्या अंगाला, एक मैलाच्या आतच, पाणी मोजणाऱ्या सरकारी खात्याने ताणलेली जाड पोलादी तार होती. तिला पुली आणि ॲल्युमिनियमचा पाळणा. लेखक आणि त्याचे सोबती याच तारेने पलीकडे गेले. त्यांच्याजवळच्या तपशीलवार नकाशात ही जागा दाखवलेली होती. मॅककँडलेसजवळ फक्त पेट्रोल पंपावर मिळालेला फाटका रस्त्यांचा नकाशा होता.

लेखकाशी आमचा मोठा मतभेद इथे आहे. नकाशा नसण्याबद्दल तो हळवा होतो. त्याचं म्हणणं असं की नकाशावर कोरी जागा उरली नव्हती, म्हणून या मुलाने नकाशाच टाकून दिला आणि स्वतःपुरती कोरी जागा तयार केली. वाक्य सुंदर आहे, विचार धोक्याचा आहे. महामार्ग पूर्वेला तीस मैलांच्या आत होता. दक्षिणेला सोळा मैलांवर राष्ट्रीय उद्यानाचा वर्दळीचा रस्ता होता. सहा मैलांच्या परिघात केबिनी होत्या, त्या उन्हाळ्यात रिकाम्या होत्या हे खरं. इतक्या जवळ सगळं असताना माणूस उपासमारीने गेला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे तपशीलवार नकाशावर, २० मीटरच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा, ओढे, पायवाटा, पाडे सगळं असतं. वाट पाठ असली तरी निघण्याआधी एक काम करावं: जाण्याच्या वाटेवरचा प्रत्येक ओढा बोटाने शोधावा आणि तो भरला तर त्याच काठाने कोणत्या पाड्यावर उतरता येईल ते लिहून ठेवावं. अर्ध्या तासाचं काम आहे. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि कागदावरची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवावी, कारण हरिहर गडाच्या मागच्या अंगाला रेंज जाते आणि पावसात स्क्रीनवर बोट चालत नाही.

ओलांडायचंच असेल तर पुस्तकात नसलेल्या चार गोष्टी इथे जोडतो. अरुंद जागा जवळची दिसते, पण तिथे पाणी खोल आणि वेगवान असतं, म्हणून रुंद, पसरट जागा शोधायची. खालच्या अंगाला धबधबा किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल तर ती जागा सोडायची. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा उतरण्याआधी मोकळा करायचा, नाहीतर पडल्यावर सॅकच माणसाला खाली दाबते. बूट पायातच राहू द्यायचे. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे तिसऱ्या पायासारखी, एका वेळी एकच टेकू हलवायचा. गढूळ पाणी मांडीला लागलं आणि तळ दिसेना, की परत. गावाजवळच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढं दिसलं तरी थांबायचं, कारण मधली फरशी वाहून गेली आहे की नाही हे वरून कळत नाही.

आता शिधा. पुस्तकात त्याच्या सॅकमधल्या वस्तूंची यादी आहे. दहा पौंड तांदूळ, .२२ ची हलकी बंदूक, वनस्पतींचं एक पुस्तक, आणखी वाचायची पुस्तकं. रबरी बूट ट्रकवाल्याने दिले आणि स्वतःच्या डब्यातलं जेवणही. कुऱ्हाड नाही, होकायंत्र नाही.

दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. आपल्याकडे ट्रेकचा कोरडा शिधा माणशी दिवसाला ५०० ते ६०० ग्रॅम धरतात: तांदूळ, डाळ, पोहे, शेंगदाणे, गूळ, तेल सगळं मिळून. त्या हिशेबाने हा तांदूळ आठ-नऊ दिवसांचा. ११३ दिवसांत वाटला तर दिवसाला ४० ग्रॅम येतो, म्हणजे लहानशी मूठ, साधारण १४० कॅलरी. थंडीत हिंडणाऱ्या, लाकूड गोळा करणाऱ्या जवान माणसाला अडीच ते तीन हजार लागतात. उरलेलं सगळं शिकारीतून आणि रानातून यायला हवं होतं. त्याने खारी मारल्या, रानकोंबड्या मारल्या, साळिंदर मारलं, बेरी खाल्ल्या. डायरीतली ही नावं वाचताना पोटभर वाटतं. पण तिथली लाल खार अख्खी पाव किलोची, खाण्याजोगं मांस शंभरेक ग्रॅम, चरबी जवळपास नाहीच. दिवसाची गरज भागवायला अशा वीसेक खारी हव्यात. शिवाय नुसतं चरबीहीन मांस कितीही खाल्लं तरी भागत नाही, कारण प्रथिनांपासून ऊर्जा काढण्याला यकृताची मर्यादा आहे. सोबत चरबी किंवा पिष्ट हवंच. तांदूळ संपला आणि हा आधार गेला. साडेचार किलो तांदळाऐवजी त्याच वजनात दोन किलो तांदूळ, दीड किलो शेंगदाणे आणि एक किलो तेल नेलं असतं तर ऊर्जा जवळपास दीडपट झाली असती. ११३ दिवसांना तीही पुरली नसती. पण सॅक भरताना वजनाबरोबर कॅलरीही मोजायच्या, हे या यादीवरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठे दिसत नाही.

९ जूनला त्याने मूस मारला. सांबराच्या कुळातलं, पण घोड्यापेक्षा थोराड जनावर, शेकडो किलोंचं. नीट टिकवलं असतं तर उन्हाळा निघाला असता. पुढचे पाच-सहा दिवस डायरी फक्त याच कामाने भरलेली आहे. माश्यांच्या घोंघाटात कापाकापी, अवयव उकळणं, खडकाळ जमिनीत खड्डा खणून धूर देणं. १४ जूनपर्यंत मांसात अळ्या झाल्या. त्याने जनावर लांडग्यांसाठी सोडलं आणि आयुष्यातल्या मोठ्या शोकांतिकांमध्ये या शिकारीची नोंद केली. पुस्तकातला सर्वांत दुःखाचा भाग आम्हाला हाच वाटतो, त्याच्या मृत्यूहूनही. तो मुलगा इथे आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. दिवसरात्र राबत होता आणि पद्धतच चुकीची होती.

धूर द्यायची पद्धत त्याला दक्षिण डकोटाच्या शिकाऱ्यांनी सांगितली होती. ती शेड, आकडे आणि कोरडी हवा असलेल्या ठिकाणची. अलास्काचे लोक मोकळ्या रानात मांसाच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ पट्ट्या कापतात आणि काठ्यांच्या मांडवावर वाऱ्यात वाळवतात. मराठवाड्यात मांस वाळवून चान्या करतात त्याचं तत्त्व हेच. जाड तुकडा बाहेरून वाळतो, आतून ओला आणि उबदार राहतो, आणि माशी त्याला तासा-दोन तासांत गाठते. लासलगाव-निफाडकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावायची गरज नाही. कांदा चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूच्या पट्ट्यांमध्ये फटी असतात, आणि थर पाच फुटांच्या वर गेला की मधला माल तापतो, घाम धरतो, सडतो. तिथे वारा जातो म्हणून माल टिकतो. खड्ड्यात वारा जात नाही. लेखकाने ही चूक बारकाईने नोंदवली आहे. त्याआधीच्या १९९३ च्या मासिकातल्या लेखात, स्थानिकांच्या म्हणण्यावर विसंबून, त्याने हे जनावर कॅरिबू असल्याचं छापलं होतं. फोटो आणि अवशेष तपासून पुस्तकात दुरुस्ती केली. ती दुरुस्ती उघडपणे मान्य करतो, हे आम्हाला फार आवडलं.

बियांच्या बाबतीत तर ही सचोटी बावीस वर्षं पुरली. ३० जुलैच्या नोंदीत त्या मुलाने लिहिलं की अंगात त्राणच उरलं नाही, आणि दोष रानबटाट्याच्या बियांवर ठेवला. रानबटाटा म्हणजे हेडिसारम अल्पायनम ही शेंगकुळातली वनस्पती. तिची मुळं तिथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या खातात, आणि त्याच्याजवळच्या वनस्पतींच्या पुस्तकात तसं लिहिलंही होतं. बियांबद्दल त्यात इशारा नव्हता. १९९३ च्या लेखात क्राकाउर यांनी सरळ म्हटलं की पोराने तिच्यासारखीच दिसणारी रानवाटाण्याची जात ओळखण्यात चूक केली. दोन्हींत फरक पानामागच्या शिरांचा: खाण्याजोग्या जातीच्या पर्णिकेमागे आडव्या शिरा ठळक, दुसरीच्या जवळपास अदृश्य. पुस्तक लिहिताना त्यांना वाटलं की इतके आठवडे हीच मुळं खाणारा एकाएकी चुकणार नाही, तेव्हा विष खऱ्या रानबटाट्याच्याच बियांत असणार. त्यांनी एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं विषारी द्रव्य, सुचवला. अलास्कातल्याच फेअरबँक्सच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञाने बिया तपासल्या, अल्कलॉइड निघाला नाही. मग बुरशीची शक्यता मांडली. २०१३ मध्ये रोनाल्ड हॅमिल्टन या अभ्यासकाच्या लेखामुळे शोध ओडॅप या विषापर्यंत आला.

ओडॅप हे नाव नवं वाटेल, वस्तू आपल्या ओळखीची आहे. भंडारा-गोंदियाकडे भाताच्या उभ्या पिकात पेरतात ती लाखोळी, लाखेची डाळ, तिच्यातलं विष हेच. महिनोन् महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, बाकी आहार तुटपुंजा असला, तर पाय लुळे पडतात. जवान पुरुषांना हा आजार जास्त. म्हणून १९६१ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. अलास्कातल्या त्या मुलाची अवस्था तंतोतंत तीच: जवान, उपाशी, एकाच गोष्टीवर जगणारा. हा धागा विदर्भातल्या वाचकाला अमेरिकन वाचकाआधी कळेल. पण अधिक अचूक यंत्रावर तपासणी झाली तेव्हा तो पदार्थ ओडॅप नव्हता. २०१५ मध्ये क्राकाउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला: बियांत वजनाच्या १.२ टक्के एल-कॅनाव्हॅनिन. हे द्रव्य आर्जिनिन या अमिनो आम्लासारखं दिसतं, शरीर फसून ते स्वतःच्या प्रथिनांत वापरतं आणि ती प्रथिनं कामाची राहत नाहीत. धडधाकट माणसाला थोड्या बिया खाऊन काही होणारही नाही. आधीच कुपोषित असलेल्याला ते निर्णायक ठरू शकतं, इतकाच त्यांचा दावा आहे. सगळ्यांना तो पटलेला नाही, साधी उपासमार पुरेशी होती असं मानणारे अनेक आहेत. वरचा तांदळाचा हिशेब पाहता आम्ही त्यांच्याच बाजूचे आहोत. बियांनी घाई केली असेल, दार मात्र भुकेने आधीच उघडलेलं होतं.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या रानभाज्या गोळा करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. एका वनस्पतीचा एक भाग खातात म्हणून दुसरा भाग खाण्याजोगा ठरत नाही. मोहाची फुलं खातात, बियांचं तेल खातात, आणि त्याच बियांची पेंड ओढ्यात टाकली की मासे गुंगतात. शेवळा जूनच्या पहिल्या पावसात उगवतो. काकडाची फळं किंवा चिंचेची आंबटाई घालून नीट शिजवला नाही तर घशाला खाज सुटून जीव नकोसा होतो. कडू कंदाच्या चकत्या उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, मगच खातात. ही माहिती कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या बायका भाग, महिना आणि कृती या तिन्हींसकट सांगतात. पुस्तकात नाव आणि चित्र असतं, कृती बहुधा गळते. त्या मुलाच्या पुस्तकात नेमकं हेच झालं.

पुस्तक सगळीकडे सारखं चांगलं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर थोरो, टॉलस्टॉय, जॅक लंडन यांचे मोठमोठे उतारे आहेत. बरेचसे त्याच्या सोबतच्या पुस्तकांत खुणा केलेले, म्हणून त्यांना अर्थ आहे, पण ओळीने वाचताना दम लागतो. पहिल्या वाचनात सोडून द्या. मधली दोन प्रकरणं लेखकाच्या स्वतःच्या १९७७ च्या डेव्हिल्स थंब शिखराच्या एकट्याने केलेल्या चढाईवर आहेत. लेखन उत्तम, बर्फावरचे तपशील अव्वल, पण तिथे तो ‘मीही असाच होतो, मी वाचलो हा नशिबाचा भाग’ असं सांगून मुलाच्या बाजूने वकिली करतो. ती मान्य करायची की नाही हे प्रत्येकाने ठरवावं. आधीच्या काळात असेच रानात हरवलेल्यांची प्रकरणं मात्र जरूर वाचा. त्यांतल्या एका छायाचित्रकाराचा तपशील तर प्रत्येक ट्रेक लीडरने गटाला वाचून दाखवावा. १९८१ मध्ये तो विमानाने दूरच्या तळ्याकाठी उतरला, परत न्यायला कोण कधी येणार हे पक्कं केलं नव्हतं. पुढे एक विमान डोक्यावरून गेलं तेव्हा त्याने एक हात उंचावून आनंदाने हलवला. तो इशारा ‘सगळं ठीक आहे’ असा होता, आणि हे त्याला नंतर त्याच्याच शिकारीच्या परवान्यामागे छापलेल्या खुणांवरून कळलं. विमान परत आलं नाही. दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी, एक वर आणि एक खाली म्हणजे नको. हे खेड्यातल्या शाळेच्या पोरांनाही पाच मिनिटांत शिकवता येतं.

या पुस्तकाने आणि २००७ च्या चित्रपटाने त्या बसची यात्रा सुरू केली, हे दुर्दैव नोंदवायला हवं. लोक पुस्तक वाचून तिकडे जाऊ लागले आणि त्याच टेकलानिकेत २०१० मध्ये स्वित्झर्लंडची एक तरुणी, २०१९ मध्ये बेलारूसची एक नवविवाहिता बुडून गेली. शेवटी १८ जून २०२० ला नॅशनल गार्डने हेलिकॉप्टरला लटकवून बस उचलली. ती आता फेअरबँक्सच्या विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे आहे. नदीचं प्रकरण ज्याने नकाशा उघडून वाचलं, तो जुलैमध्ये तिथे जाणार नाही.

विकत घेताना एक गोष्ट बघा. दुकानात हातात आलं की शेवटची पानं उघडा: २०१५ चं उत्तरकथन आहे का? नसेल तर ती प्रत जुनी आहे आणि बियांबद्दल चुकीच्या निष्कर्षावर थांबते. रस्त्यावरच्या स्वस्त प्रतींमध्ये बहुधा जुनाच मजकूर असतो, शिवाय नकाशे काळपट उठतात. या पुस्तकात नकाशा वाचता आला नाही तर निम्मी किंमत गेली. इंग्रजी मासिकी वळणाचं, सरळ आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या बारावीच्या मुलाला जमेल. पानं दोनशेच्या आसपास.

आणि घरी एकट्याने हिंडायला निघणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर आईवडिलांनीही उपसंहार वाचावा. ख्रिसचे आईवडील दहा महिन्यांनी हेलिकॉप्टरने त्या बसपाशी जातात. आई आत बसून मुलाच्या वस्तू बघते, त्याचे बूट ओळखते. परत निघताना ती पलंगाखाली एक सुटकेस ठेवते. तीत प्रथमोपचाराची पेटी, डबाबंद अन्न, अडकलेल्या माणसाला लागणारं सामान, आणि एक चिठ्ठी: जो कोणी हे वाचेल त्याने शक्य तितक्या लवकर आपल्या आईवडिलांना फोन करावा.